व्याकरण मराठीतून घ्या, उच्चार नको

कोरियन शिकू पाहणारी मुलं-मुली मला हमखास विचारतात, ‘ताई, क्लास न लावता जमेल का?’ जमतं. मी घरीच शिकले आणि आज दुभाषी म्हणून काम करते. पण एकट्याने शिकताना चूक दाखवणारं समोर कोणी नसतं, म्हणून कुठे जपायचं ते आधीच सांगते.

पहिली जपायची जागा म्हणजे लिपी. ती अवघड नाही, उलट फार सोपी आहे. राजा सेजोंगच्या काळात, 1443 साली हांगुल लिपी तयार झाली आणि 1446 मध्ये जाहीर झाली. आजच्या लिपीत मूळ व्यंजनं 14 आणि स्वर 10. काही व्यंजनांचे आकार तर जीभ नि ओठांच्या ठेवणीवरूनच घेतलेले. थोड्याच दिवसांत पाट्या वाचता येतात आणि भाषा हाताला लागली असं वाटतं. मग वहीत प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहिणं सुरू होतं. ही सवय लागूच देऊ नका.

कारण सांगते. चंद्र, मुलगी आणि मुखवटा हे तीन कोरियन शब्द केवळ पहिल्या व्यंजनाने वेगळे होतात. मुखवट्यातलं व्यंजन आपल्या ‘थ’जवळचं. मुलगीतलं ‘त’सारखं, पण घसा आवळून काढलेलं. चंद्रातलं मात्र ना ‘द’, ना ‘त’, ना ‘थ’. सोलमधली तरुण मंडळी ते मुख्यतः पुढच्या स्वराच्या खालच्या सुरावरून ओळखतात. तिथे तुम्ही वहीत ‘द’ लिहिलात की कान शोधायचंच थांबवतो. शब्दांच्या शेवटीही तेच. विळा, दिवसाची वेळ आणि चेहरा या शब्दांची शेवटची अक्षरं तीन वेगळी, उच्चार एकच: तोंडातच अडवून धरलेला ‘त’. हे डोळ्यांनी कळत नाही.

मी वापरलेलं एक ॲप माझ्या प्रत्येक उच्चाराला हिरवी खूण द्यायचं. पुढे एका कोरियन बाईंशी फोनवर बोलू लागले, तेव्हा त्यांनी चंद्र-मुलगी-मुखवटा मला इतक्या वेळा म्हणायला लावलं की मलाच माझा आवाज वेगळा ऐकू यायला लागला. त्या संध्याकाळींनी जे दिलं ते कुठल्याच पुस्तकाने दिलं नाही. म्हणून म्हणते, ऐकून दुरुस्त करणारं माणूस पहिल्या महिन्यातच शोधा. ते मिळेपर्यंत श्रुतलेखन करा. कोरियातल्या प्राथमिक शाळांतही मुलांकडून ते करून घेतात. ध्वनिफीत ऐका, हांगुलमध्ये लिहा, मग ताडून बघा.

व्याकरणात मात्र उलट वागा. बहुतेक पुस्तकं इंग्रजीतली. वाक्याच्या शेवटी क्रियापद कसं येतं, हे समजावण्यात त्यांची पानंच्या पानं जातात. आपल्याला त्याची गरज नाही. ‘मी काल बाजारात सफरचंदं घेतली’ हे वाक्य शब्दांचा क्रम न हलवता कोरियन होतं. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ ही रचना तशीच. ‘खाऊन बघा’ हे कोरियनमध्येही खाणे आणि बघणे जोडूनच होतं. ‘लिहून दे’मधलं देणं आहे, ‘खाऊन टाकलं’मधलं टाकणंसुद्धा आहे! हे कळलं तेव्हा मी इंग्रजी स्पष्टीकरणं बाजूला सारली आणि वहीत मराठी वाक्यं लिहू लागले. मला वाटतं, मराठी माणसाला कोरियनकडे जायला याहून जवळची वाट नाही.

आदरार्थी रूपांतही मराठी पुष्कळ साथ देते. ‘आजोबा आलेत रे’ म्हणताना आपण आजोबांना मान देतो आणि ऐकणाऱ्या मित्राशी सलगीने बोलतो. कोरियन क्रियापदही हे दोन्ही हिशेब वेगवेगळे ठेवतं. पण ‘तुम्ही’साठी शब्दकोशात मिळणारं ‘तांगशिन’ वरिष्ठांना किंवा अनोळखी माणसाला वापरू नका, ते उद्धट ठरतं. हुद्द्याने किंवा नावापुढे ‘श्शी’ लावून हाक मारा, वरिष्ठांना हुद्द्यानेच. मालिकांतले प्रेमिक आणि दोस्त एकमेकांशी जे बोलतात ती ‘पानमाल’, म्हणजे सलगीची बोली. मालिका जरूर बघा, पण बोलायची सुरुवात ‘यो’ने संपणाऱ्या वाक्यांनी करा.

कोरियन भाषेच्या ‘टोपिक’ या परीक्षेबद्दलही सांगते. टोपिकच्या पहिल्या टप्प्यात 200 पैकी 80 गुणांना पहिली पातळी मिळते, 140 ला दुसरी. त्यात फक्त ऐकणं आणि वाचणं तपासतात. तोंडातून एक शब्द न काढता प्रमाणपत्र हातात येऊ शकतं. रांजणगावसारख्या ठिकाणी, जिथे एलजीचा कारखाना आहे, दुभाषी म्हणून काम करायचं मनात असेल, तर परीक्षेच्या तयारीतही रोज थोडा वेळ मोठ्याने बोलण्यासाठी राखून ठेवा. यंत्रांच्या आवाजात उभं राहून समोरच्याचं बोलणं पकडावं लागतं आणि तिथे पुन्हा सांगा म्हणायला फारशी सवड नसते.