बांधकामावरील अपघात : नशीब नव्हे, दुर्लक्ष

परांचीवरून पडलेल्या गवंड्याला दवाखान्यात आणणारे म्हणतात, "नशीबच वाईट, डॉक्टरसाहेब!" पण चौकशी केल्यास अनेकदा कळते की, आदल्या दिवशीच फळी सरकली होती, "थोडक्यात वाचलो" म्हणून सारे गप्प बसले. हीच धोक्याची सूचना मुकादमाने ओळखावी. रोज कामापूर्वी दहा मिनिटे परांचीच्या बांधण्या, फळ्या, कठडे व विजेच्या वायरी तपासाव्यात. दोष दाखवणाऱ्या बिगाऱ्यावर रागावू नये. दुरुस्ती होईपर्यंत तेथील काम थांबवावे. हेल्मेट डोके वाचवते, पण पडणे रोखत नाही. त्यासाठी कठडाच हवा.

तरीही कोणी पडल्यास हातपाय धरून उचलू नये. मणका मोडला असल्यास मज्जारज्जूला इजा होऊन कायमचे पांगळेपण येऊ शकते. मान-पाठ न हलवता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.