जुळ्या प्रकाशकणांची परीक्षा

चपलांच्या जोडातली एक चप्पल न पाहता पिशवीत घालून पुण्याहून नागपूरला नेली. तिथे पिशवीतून निघाली डावी! तत्क्षणी कळते, की पुण्यात उजवी राहिली. यात जादू कसली? ते निघतानाच ठरले होते.

कॅल्शियमच्या एकाच अणूतून कधी कधी दोन प्रकाशकण जोडीने निघतात. दोघांच्या वाटेत एकाच कोनात पोलरॉइडच्या पट्ट्या धरल्या, तर दोघेही आरपार जातात किंवा दोघेही अडतात. अशा जोडीला 'गुंतलेले कण' म्हणतात. हेही चपलांसारखेच आधी ठरलेले असणार, असे आइन्स्टाइन यांना वाटे. १९३५ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह तसा युक्तिवाद मांडला.

हे तपासण्याची युक्ती १९६४ मध्ये जॉन बेल यांनी शोधली. तिचे सोपे रूप पाहू. बंडू आणि खंडू हे जुळे भाऊ वेगळ्या खोल्यांत परीक्षेला बसले आहेत. प्रश्न तीन; उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. प्रत्येकाला त्यांतला एकच विचारायचा. दोघांना तोच प्रश्न आला, की उत्तर हमखास सारखे! एकमेकांना निरोप धाडता येत नसेल, तर त्यांनी तिन्ही उत्तरे आधीच ठरवलेली असणार. पण मग तिनांतली किमान दोन उत्तरे सारखी असणारच. म्हणून दोघांना निरनिराळे प्रश्न विचारले, तरी सरासरीने तीन वेळांत निदान एकदा उत्तरे जुळायला हवीत.

प्रकाशकणांचे तीन प्रश्न म्हणजे पट्टीचे तीन कोन : ०, ६० आणि १२० अंश. क्वांटम सिद्धान्त म्हणतो, कोन निरनिराळे असतील तर उत्तरे चार वेळांत एकदाच जुळतील!

खरे कोणाचे? १९७२ मध्ये अमेरिकेत क्लॉसर व फ्रीडमन यांनी, आणि १९८२ मध्ये फ्रान्समध्ये अ‍ॅस्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच तऱ्हेची मोजणी केली. कौल मिळाला क्वांटम सिद्धान्ताला. क्लॉसर, अ‍ॅस्पे आणि त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चपलांचा हिशेब इथे चुकतो, हे सिद्ध झाले.

मग अशा कणांकरवी प्रकाशाहून वेगाने निरोप धाडता येईल? नाही! एकट्या कणाचे उत्तर नाणेफेकीसारखे असते. ते आपल्या मनासारखे पाडता येत नाही. दोन्हीकडच्या याद्या शेजारी ठेवल्या तरच मेळ दिसतो, आणि यादी पाठवायची नेहमीच्याच मार्गाने.

आता वही घ्या. तीन प्रश्नांची 'हो-नाही'ची आठही उत्तरपत्रके मांडा. तिन्ही उत्तरे एकमेकांहून वेगळी असलेले एखादे सापडते का, पाहा बरे!