रोपांवर सूट द्यावी का?

मे महिना सरत आला की इथे ब्रिटनमध्ये घरोघरी बागेची गडबड सुरू होते. दहिवराची भीती संपते आणि झेंडू, पेटुनिया, टोमॅटो यांची नाजूक रोपे बाहेर लावता येतात. सुपरमार्केटच्या दारातही तेव्हा रोपांचे ट्रे मांडलेले असतात, तेही स्वस्त. मग गावातल्या छोट्या रोपवाटिकेने काय करावे? तिनेही भाव उतरवावेत का? मागच्या शनिवारी या प्रश्नावर आम्ही वर्गाचे दोन गट केले.

पहिला गट म्हणाला, "भाव उतरला की गिऱ्हाईक वाढते. सूट द्यावी."

तेव्हा आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. समजा, लॅव्हेंडरची कुंडी दुकानदाराला ५ पौंडांना पडते आणि तो ती १० पौंडांना विकतो. (कर बाजूला ठेवू.) १०० कुंड्या विकल्या तर सुटतात ५०० पौंड. आता २० टक्के सूट दिली. किंमत ८ पौंड झाली. पण सुटतात फक्त ३ पौंड. तेच ५०० पौंड मिळवायला आता १६७ कुंड्या विकाव्या लागतील! जास्तीच्या ६७ कुंड्या उचलणे, मांडणे, त्यांना पाणी घालणे आलेच. किंमत उतरली २० टक्क्यांनी, पण कुंडीमागचा नफा उतरला ४० टक्क्यांनी. वर्ग एकदम गप्प झाला.

शिवाय सुपरमार्केटचे पोट रोपांवर चालत नाही. रोप घ्यायला आलेला माणूस दूध-पावही घेऊन जातो. रोपवाटिकेचे तसे नाही. भावाच्या शर्यतीत ती दमणारच.

मग सूट कधीच देऊ नये का? दुसऱ्या गटाचे असेच म्हणणे होते. पण रोप म्हणजे काही खिळ्यांचा डबा नव्हे. झेंडूच्या ट्रेचे जुलैत काय होते? मुळे दाटतात, पाने पिवळी पडतात. ३ पौंडांना घेतलेला ट्रे २ पौंडांना विकला तर तोटा १ पौंडाचा. तो खतात गेला तर पुरे ३ पौंड बुडाले. दसऱ्याच्या संध्याकाळी फुलवाला उरलेला झेंडू पडत्या भावाने देतो, तो याच हिशेबाने.

गुलाबाचे किंवा सफरचंदाचे रोप मात्र नीट निगा राखली, मोठ्या कुंडीत हलवले, तर पुढच्या वर्षीही विकता येते. तिथे घाई कशाला?

शेवटी दोन्ही गटांचे एकमत झाले ते असे : सरसकट सूट नको. नाशवंत रोपे पार वाळण्याआधीच वेगळ्या टेबलावर मांडावीत, स्वस्त का ते पाटीवर लिहावे. दर वर्षी ठरलेल्या तारखेला सूट देऊ नये, नाहीतर लोक त्या तारखेचीच वाट पाहत बसतात. चांगल्या रोपाची किंमत राखावी आणि त्याबरोबर सल्ला द्यावा : चिकणमातीत काय जगेल, सावलीत काय फुलेल. तो सल्ला ट्रेवरच्या चिठ्ठीत मिळत नाही.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? सल्ला छोट्या दुकानात विचारायचा आणि रोप स्वस्तातले दुसरीकडून आणायचे, असे केले तर एक दिवस विचारायला ते दुकानच उरणार नाही.

स्वाध्याय
१. वरच्या उदाहरणात १० टक्के सूट दिली, तर ५०० पौंड मिळवायला किती कुंड्या विकाव्या लागतील?
२. वाक्यात उपयोग करा : पडत्या भावाने, सरसकट, निगा राखणे.
३. घरी आजी-आजोबांना विचारा : बाजारात भाव कधी करावा, कधी करू नये? उत्तर पाच ओळींत लिहून आणा.