शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी : कारणीभूत प्रथिनांचा शोध

शेंगदाणा हे गरिबाघरचे प्रथिन होय. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि गूळ-शेंगदाणे, कूट, चटणी, चिक्की अशा रूपांनी ती वसतिगृहातील मुलांच्या ताटात येतात. याच प्रथिनांपैकी काही मोजकी प्रथिने थोड्या मुलांच्या जिवावर उठतात. ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलटी, धाप आणि क्वचित रक्तदाब कोसळून मृत्यू, हे सारे काही मिनिटांत घडू शकते. यात दोष संपूर्ण दाण्याचा की त्यातील एखाद्या घटकाचा, या प्रश्नाचा वैद्यकाने कसा छडा लावला, हे येथे पाहावयाचे आहे. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत. परंतु पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढावा, ही चिंता दोन्ही शास्त्रांना सारखीच आहे.

दाण्यातील प्रथिनांचे पृथक्करण तसे जुने आहे. अमेरिकेत जॉन्स आणि जोन्स या रसायनशास्त्रज्ञांनी १९१६ साली त्यांचे दोन मुख्य गट वेगळे केले. भुईमुगाचे शास्त्रीय नाव अराकिस हायपोजिया. त्यावरून या गटांना अराकिन व कोनाराकिन अशी नावे मिळाली. यांपैकी कोणाचा त्रास होतो, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. तो विचारण्यासाठी लागणारे साधन दुसऱ्याच दिशेने आले.

१९२१ साली प्राउस्निट्झ व क्युस्टनर या दोन जर्मन वैद्यांनी एक धाडसी प्रयोग केला. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. प्राउस्निट्झ यांना सोसत. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांचा रक्तरस स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेथे गांध उठली. त्रासाचे कारण रक्तरसात वाहते आहे आणि ते एका देहातून दुसऱ्या देहात नेता येते, हे त्या एका गांधीने सिद्ध झाले. मात्र तो घटक कोणता, हे कळण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला. १९६६-६७च्या सुमारास अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वतंत्रपणे स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी तो प्रतिपिंड ओळखला. त्यासच आज आयजीई म्हणतात. इशिझाका दांपत्याने आपल्या पाठीच्या कातडीवरही चाचण्या करून घेतल्या होत्या. पाठ्यपुस्तकांत अशा गोष्टींना ओळभर जागाही मिळत नाही, याचे आम्हास वाईट वाटते.

आयजीई हाती आल्यावर शोधाचा मार्ग मोकळा झाला. रोग्याचा आयजीई ज्या प्रथिनाला चिकटेल, ते संशयित. यासाठी प्रथम दाण्यांतील तेल काढतात, कारण दाण्यात जवळजवळ निम्मे तेलच असते. उरलेल्या पिठातून मिठाच्या द्रावणात प्रथिने उतरवतात. मग ती एका जेलच्या थरात घालून विजेचा प्रवाह सोडतात. लहान प्रथिने जेलमधून लवकर पुढे सरकतात, मोठी मागे राहतात, आणि आकारमानाप्रमाणे त्यांचे पट्टे पडतात. हे पट्टे विशिष्ट कागदावर उमटवून त्यावर रोग्याचा रक्तरस पसरवितात. ज्या पट्ट्याला आयजीई धरून राहतो, तो पट्टा खूण करून दाखविता येतो. तुलनेसाठी, दाणे खाऊन काहीही न होणाऱ्या माणसांचा रक्तरसही तपासतात.

अमेरिकेतील अर्कान्सा राज्यात, लिटल रॉक येथे, वेस्ली बर्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रीतीने १९९१ साली सुमारे ६३.५ किलोडाल्टन वजनाचे एक प्रथिन ओळखले. (१९५७ साली नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी सैनिकांच्या संरक्षणात ज्या गावच्या शाळेचा उंबरठा ओलांडला, तेच हे लिटल रॉक.) या कामी त्यांनी असे रोगी निवडले की, ज्यांना दाणा खरोखरच बाधतो हे प्रत्यक्ष खाऊ घालून ताडून पाहिलेले होते. आमच्या मते या संशोधनाचे खरे बळ येथे आहे. साक्षीदार विश्वसनीय आहे की नाही, हे त्यांनी आधी पाहिले.

या प्रथिनाचे नाव अरा एच १. जातीच्या शास्त्रीय नावाची पहिली तीन अक्षरे, प्रजातीचे पहिले अक्षर आणि शोधाचा क्रमांक, अशी ही नामकरणाची पद्धत. १९९२ साली अरा एच २ आणि १९९९ साली अरा एच ३ यांची भर पडली. पुढे ही यादी बरीच वाढली. अरा एच १, २, ३ आणि ६ ही मुख्य होत. ती सर्व दाण्यातील साठ्याची प्रथिने आहेत. अंकुर फुटताना कोवळ्या रोपाला पुरावी म्हणून झाडाने बांधून दिलेली ती शिदोरीच. अरा एच २ व ६ यांची घडी गंधकाच्या दुव्यांनी इतकी घट्ट बांधलेली असते की, जठरातील पाचकरसही ती सहजी मोडू शकत नाही. म्हणून ती आपल्या मूळ रूपात आतड्यापर्यंत पोहोचतात. अरा एच ८ मात्र बर्च झाडाच्या परागातील प्रथिनासारखे असून पोटात लवकर विरघळते. त्याने बहुधा तोंडाला खाज सुटते, इतकेच.

या भेदाचे महत्त्व पालकांनी नीट समजून घ्यावे. रक्ततपासणीत दाण्याविरुद्ध आयजीई आढळला, म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच असे नव्हे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आठ वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. तपासणीत दोषी ठरलेल्या मुलांपैकी सुमारे २२ टक्क्यांनाच दाण्याचा खरा त्रास होता. कोणास त्रास होईल, याचे सर्वांत चांगले निदर्शक अरा एच २ ठरले. केवळ एका कागदावरून मुलाच्या ताटातून दाणा काढून घेणे, विशेषतः जेथे दुसरे स्वस्त प्रथिन सहजी मिळत नाही तेथे, हाही अन्यायच होय. याउलट, ज्या मुलाचे ओठ दाणा खाताच सुजतात, त्याला ‘सवय होईल’ म्हणून बळेच भरविणे हे जिवाशी खेळणे आहे.

स्वयंपाकघराशी संबंधित दोन गोष्टी सांगावयास हव्यात. कोरड्या भाजणीने या प्रथिनांची आयजीईला चिकटण्याची शक्ती वाढते, तर उकडल्याने ती कमी होते. तरी उकडलेल्या शेंगा अशा मुलास निर्धोक समजू नयेत. तसेच शुद्धीकरण केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात ते उरू शकते.

२०१५ साली लंडनमध्ये गिडिऑन लॅक व सहकाऱ्यांनी, तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० तान्ह्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना दाण्यापासून दूर ठेवले, त्यांपैकी १७.२ टक्के मुलांना पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी होती. ज्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून दाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांपैकी ३.२ टक्क्यांना. पूर्वी अशा बालकांना दाणा देऊ नये, असा सल्ला दिला जाई. अर्थात, तपासणीत आधीच तीव्र प्रतिक्रिया दिसलेली मुले या प्रयोगात घेतली नव्हती. म्हणून इसब असलेल्या बाळास दाणा देण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा, आणि कोणत्याही बाळास अख्खा दाणा कधीच देऊ नये, तो घशात अडकतो.

आपल्या पाल्यास असा त्रास असल्यास प्रवेशाच्या वेळीच तो लेखी कळवावा. धाप लागली किंवा भोवळ आली तर पहिला उपाय म्हणजे मांडीत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन. अ‍ॅलर्जीच्या गोळीवर वेळ घालवू नये, मुलास आडवे निजवावे (धाप असेल तर टेकून बसवावे), आणि तडक रुग्णालय गाठावे.