छायाचित्रणाचा श्रीगणेशा

प्रश्न : सात वर्षांच्या कन्येस छायाचित्रण शिकवावयाचे आहे, प्रारंभ कोठून करावा?

उत्तर : यंत्राची परिभाषा तूर्त बाजूस ठेवून, बुटाच्या खोक्याच्या एका अंगास टाचणीने सूक्ष्म छिद्र पाडावे, समोरच्या अंगास चौकोन कापून तेथे तेल लावलेला पातळ कागद डकवावा, आणि डोक्यावरून काळे कापड घेऊन उन्हातील अंगण तिला त्यात पाहू द्यावे, प्रकाश सरळ रेषेत जातो म्हणूनच झाड उलटे उमटते, हे तिला तेथेच उमगेल. मग कॅमेरा, अर्थात पट्टा गळ्यात घालूनच. आजीस खिडकीशी बसवून, प्रकाश एकदा बाजूने व एकदा पाठीमागून घ्यावा : पहिल्या चित्रात सुरकुती न् सुरकुती उठते, दुसऱ्यात चेहरा काळवंडतो. महागड्या यंत्राची मुळीच जरुरी नाही. कोडॅकने १९०० साली काढलेला ‘ब्राउनी’ एकाच डॉलरचा होता. तिने मांजराची नुसती शेपटी टिपली, तरी कृपा करून टोकू नये.