उंच आकाशातील श्वास : लढाऊ विमानांतील प्राणवायूचा प्रश्न

लढाऊ विमानाची चर्चा निघाली की लक्ष जाते ते त्याच्या वेगाकडे, शस्त्रास्त्रांकडे आणि रडारकडे. हे सर्व सामर्थ्य ज्याच्या हाती असते त्या वैमानिकाला मात्र जमिनीवरील कोणत्याही माणसाप्रमाणे दर काही सेकंदांनी श्वास घ्यावा लागतो. तो श्वास पुरविणारी यंत्रणा बिघडली तर कोट्यवधी रुपयांचे विमान निरुपयोगी ठरते आणि वैमानिकाचे प्राण धोक्यात येतात. गेल्या दोन दशकांत जगातील अत्यंत प्रगत समजल्या जाणाऱ्या विमानांतही हा प्रश्न उद्‍भवला. त्याची कारणे शोधताना जे हाती आले ते केवळ विमानविद्येपुरते मर्यादित नाही.

विरळ हवा आणि मानवी शरीर

समुद्रसपाटीवरील हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. उंचावर गेल्यावर हे प्रमाण कमी होते असा एक समज आहे. तो बरोबर नाही. प्रमाण तेच राहते, कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीवर हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो व त्यात प्राणवायूचा वाटा सुमारे १६० मिलिमीटर असतो. साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब निम्म्यावर येतो आणि प्राणवायूचा वाटाही ८० मिलिमीटरपर्यंत उतरतो. फुप्फुसातील वायुकोशांतून रक्तात प्राणवायू शिरतो तो या दाबाच्या बळावर. दाब घटला की छाती भरून श्वास घेतला तरी रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळत नाही.

सुमारे १२,००० मीटरपर्यंत शुद्ध प्राणवायू देऊन ही तूट बऱ्याच अंशी भरून काढता येते. त्याहून वर शुद्ध प्राणवायूही पुरत नाही. तो दाबाखाली फुप्फुसात भरावा लागतो. अशा वेळी श्वसनाचा नित्याचा क्रम उलटा होतो. श्वास आपोआप आत येतो आणि उच्छ्वासासाठी मात्र प्रयत्न करावे लागतात. सुमारे १९,००० मीटरवर तर हवेचा दाब इतका कमी असतो की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळू लागते. तेथे संपूर्ण शरीराला दाब देणारा पोशाख किंवा दाबयुक्त केबिन असल्याशिवाय माणूस जगू शकत नाही.

न जाणवणारी तूट

गुदमरताना जो जीव कासावीस होतो तो मुख्यतः शरीरात साठणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडमुळे. उंचावर हा वायू उच्छ्वासातून सहज बाहेर पडत राहतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडत असूनही धोक्याची सूचना शरीराकडून स्पष्टपणे मिळत नाही. प्रथम बाधित होतो तो मेंदू, आणि मेंदूतही विचार करण्याची व निर्णय घेण्याची शक्ती. म्हणजेच ज्या शक्तीने धोका ओळखायचा, तीच आधी क्षीण होते.

याचा दारुण प्रत्यय १५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये आला. ‘झेनिथ’ नावाच्या वायुफुग्यातून तिसाँदिए, क्रोसे-स्पिनेल्ली आणि सिवेल हे तिघे आकाशात गेले. फुगा आठ हजार मीटरच्याही वर पोचला. प्राणवायूमिश्रित हवेच्या पिशव्या त्यांनी सोबत नेल्या होत्या. परंतु त्यांची गरज भासू लागली तेव्हा नळी तोंडाशी नेण्याइतकेही बळ हातांत उरले नव्हते. तिघांपैकी एकटे तिसाँदिए जिवंत परतले. त्या उंचीवर वेदना तर नाहीच, उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता, असे त्यांनी पुढे नमूद केले. पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या व्याधीचे मूळ प्राणवायूच्या घटलेल्या दाबात असल्याचे प्रयोगांनिशी दाखवून दिले.

प्राणवायूचा पुरवठा एकाएकी तुटल्यास माणूस किती वेळ शुद्धीवर राहून उपयुक्त कृती करू शकतो, याचे अंदाज आता निश्चित झाले आहेत. साडेसात हजार मीटरवर हा अवधी तीन ते पाच मिनिटांचा, साडेदहा हजार मीटरवर अर्धा ते एक मिनिटाचा आणि बारा हजार मीटरवर अवघ्या पंधरा ते वीस सेकंदांचा असतो.

म्हणूनच वैमानिकांना कमी दाबाच्या बंद कक्षात बसवून स्वतःची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण दिले जाते. कोणाची बोटे झिणझिणतात, कोणाच्या नजरेचा पल्ला आकसतो, कोणाला उगाचच हसू येते. कक्षात त्यांना सोपी गणिते करण्यास किंवा स्वतःचे नाव लिहिण्यास सांगतात. काही मिनिटांत अक्षर वेडेवाकडे होऊ लागते. लिहिणाऱ्याला मात्र ते नीटनेटके वाटत असते. भारतात वैमानिकांच्या आरोग्याचा व शरीरशास्त्राचा हा विषय बंगळूर येथील वायुसेनेची एरोस्पेस मेडिसिन संस्था हाताळते. या संस्थेची स्थापना १९५७ मध्ये झाली.

विमानातच तयार होणारा प्राणवायू

प्रवासी विमानाच्या केबिनमधील दाब साधारणतः २,४०० मीटर उंचीवरील हवेच्या दाबाखाली जाऊ दिला जात नाही. लढाऊ विमानात तसे करता येत नाही. केबिन अधिक भक्कम करावी तर वजन वाढते, आणि शत्रूचा गोळा लागून केबिन फुटल्यास दाब एकाएकी उतरण्याचा धोका असतो. त्यामुळे १२,००० मीटरवर उडणाऱ्या लढाऊ विमानाच्या केबिनमध्ये सुमारे ५,००० मीटर उंचीवर असावा इतकाच दाब ठेवतात. उरलेली तूट वैमानिकाच्या तोंडावरील मास्कमधून भरून काढावी लागते.

पूर्वी यासाठी प्राणवायूची नळकांडी किंवा द्रवरूप प्राणवायू वापरीत. उणे १८३ अंश सेल्सिअस तापमानाचा एक लिटर द्रव वायुरूपात सुमारे ८५० लिटर होतो, हा त्याचा मोठा फायदा. परंतु प्रत्येक तळावर त्याचा साठा ठेवणे, तो भरणे आणि आगीपासून जपणे जिकिरीचे असते. शिवाय साठा संपला की उड्डाण आटोपते घ्यावे लागते.

या अडचणीवर उपाय म्हणून १९८० च्या दशकापासून विमानातच प्राणवायू तयार करणारी यंत्रणा प्रचारात आली. तिचे तत्त्व सोपे आहे. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून थोडी दाबयुक्त हवा घेऊन ती थंड व स्वच्छ केली जाते आणि झिओलाइट या खनिजाचे कण भरलेल्या नळकांड्यातून सोडली जाते. दाबाखाली झिओलाइट हवेतील नायट्रोजन धरून ठेवते व प्राणवायू पुढे जातो. दाब उतरविला की धरलेला नायट्रोजन सुटून बाहेर जातो. अशी दोन नळकांडी आळीपाळीने काम करीत राहतात. मिळणाऱ्या वायूत जास्तीत जास्त ९५ टक्क्यांच्या आसपास प्राणवायू असतो. इंजिन चालू आहे तोवर पुरवठा चालू, हे या यंत्रणेचे बळ. आणि इंजिनाकडून येणारी हवा थांबली की पुरवठाही थांबतो, हे तिचे मर्म.

एफ-२२ विमानाचा धडा

अमेरिकेचे एफ-२२ हे विमान डिसेंबर २००५ मध्ये सेवेत दाखल झाले. २००८ पासून त्याच्या वैमानिकांकडून चक्कर येणे, भान हरपल्यासारखे होणे, उड्डाणानंतर खोकल्याची उबळ येणे अशा तक्रारी वाढू लागल्या. १६ नोव्हेंबर २०१० रोजी अलास्कात रात्रीच्या उड्डाणात एका विमानातील इंजिनाच्या हवेच्या नळीत गळतीची नोंद झाली. आग लागू नये म्हणून यंत्रणेने ती हवा आपोआप बंद केली आणि तिच्याबरोबर वैमानिकाचा प्राणवायूही बंद झाला. संकटसमयीचा प्राणवायू आसनालगत होता, परंतु त्याची कडी हाताने ओढावी लागत असे. अंगावर हिवाळी जाड पोशाख असलेल्या वैमानिकाला विमान सावरता आले नाही व तो मृत्युमुखी पडला. आपोआप सुरू होणारी पर्यायी प्राणवायू व्यवस्था आराखड्याच्या टप्प्यावर वजन वाचविण्यासाठी वगळण्यात आली होती.

वायुसेनेच्या चौकशी मंडळाने या अपघाताचे कारण वैमानिकाच्या चुकीत शोधले. परंतु अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१३ मध्ये या निष्कर्षाला पुराव्याचे पुरेसे बळ नसल्याचे दाखविले.

मे २०११ मध्ये ही सर्व विमाने जमिनीवर ठेवण्यात आली. सप्टेंबरमध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली आणि तक्रारीही पुन्हा येऊ लागल्या. मे २०१२ मध्ये दोन वैमानिकांनी दूरचित्रवाणीवर येऊन आपण हे विमान चालविण्यास राजी नसल्याचे जाहीर केले. त्यांच्यावर कारवाई होणार नाही, असे वायुसेनेला सांगावे लागले.

प्रारंभी संशय होता तो विषारी वायूचा. इंजिनाच्या हवेतून काही घातक द्रव्य श्वासात मिसळत असावे, या समजुतीने प्राणवायूच्या मार्गात कोळशाची गाळणीही बसविण्यात आली. जुलै २०१२ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष मात्र वेगळा होता. दोष प्राणवायूच्या शुद्धतेत नव्हता, तो पुरेशा प्रमाणात पोचत नव्हता. तीव्र वळण घेताना शरीरावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. त्याला तोंड देण्यासाठी वैमानिकाच्या छातीवर हवेने फुगणारे जाकीट असते. त्याची झडप सदोष असल्याने गरज नसतानाही जाकीट फुगून राही आणि छातीला पुरते प्रसरण पावू देत नसे. संरक्षणासाठी बसविलेल्या गाळणीनेही वायूचा प्रवाह मंदावला होता. झडप बदलण्यात आली, गाळणी काढण्यात आली व पुढे स्वयंचलित पर्यायी व्यवस्था बसविण्यात आली.

खोकल्यासंबंधीचे स्पष्टीकरणही बोधप्रद आहे. वायुकोशांत नायट्रोजन असला की तो त्यांना फुगलेले ठेवण्यास मदत करतो. गरजेहून अधिक शुद्ध प्राणवायू दिल्यास तो रक्तात चटकन शोषला जातो आणि तीव्र वळणाच्या भाराखाली काही वायुकोश मिटतात. प्राणवायू कमी पडणे जसे वाईट, तसे तो अवेळी अधिक देणेही अपायकारक असते.

नौदलाचा अनुभव

अमेरिकेच्या नौदलातही असेच घडले. टी-४५ या प्रशिक्षण विमानावरील शंभरांहून अधिक शिक्षक-वैमानिकांनी २०१७ च्या वसंतात उड्डाणे करण्यास नकार दिला आणि एप्रिलमध्ये नौदलाला ती थांबवावी लागली. इंजिन मंद गतीने चालत असताना प्राणवायू यंत्रणेकडे येणारी हवा अपुरी पडते, असे तपासात आढळले. एफ/ए-१८ विमानांतील अशाच घटनांचा अभ्यास नासाच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये केला. तपासाचा भर यंत्राच्या सुट्या भागांवर राहिला आणि माणसाच्या शरीरात काय घडते हे मोजलेच गेले नाही, असे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. प्रत्येक भाग आपापल्या परीक्षेत उत्तीर्ण होत होता. सगळे भाग एकत्र येऊन माणसाशी जोडले गेल्यावर मात्र श्वास अडखळत होता. नासाने पुढे वैमानिकांचे श्वसन प्रत्यक्ष उड्डाणात मोजले, त्यातही हेच दिसून आले.

भारतातील प्रयत्न

भारतात या क्षेत्रात संरक्षण संशोधन व विकास संघटनेची बंगळूर येथील ‘डेबेल’ ही प्रयोगशाळा काम करते. तिने तेजस विमानासाठी विमानातच प्राणवायू तयार करणारी जीवनरक्षक यंत्रणा विकसित केली आहे. ४ मार्च २०२५ रोजी तेजसच्या प्रायोगिक विमानावर सुमारे १५,००० मीटर उंचीपर्यंत तिची यशस्वी चाचणी झाली. पर्यायी प्राणवायूचा साठाही या यंत्रणेत समाविष्ट आहे.

या संशोधनाचा सर्वसामान्य जनतेशी संबंध आला तो २०२१ मध्ये. कोविडच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांत प्राणवायूचा तुटवडा निर्माण झाला, तेव्हा तेजससाठी सिद्ध केलेल्या या तंत्रावर आधारित मिनिटाला १,००० लिटर प्राणवायू देणारी संयंत्रे तयार करण्यात आली. प्रत्येक रुग्णाला मिनिटाला पाच लिटर या हिशेबाने असे एक संयंत्र १९० रुग्णांची गरज भागवू शकते. याच तत्त्वावरील पीएसए संयंत्रे आज महाराष्ट्रातील अनेक शासकीय रुग्णालयांत आहेत.

जमिनीवर घ्यावयाची दक्षता

विमानातील दोष आणि रुग्णालयातील संयंत्राचे दोष यांत फारसे अंतर नाही. ओलाव्याने झिओलाइटची शक्ती नष्ट होते, म्हणून हवा कोरडी करणारा भाग नेहमी चालू स्थितीत असावा लागतो. गाळणी तुंबली की प्रवाह घटतो. जनित्राच्या धुराजवळून हवा ओढली गेली तर ती दूषित असते. मिळणाऱ्या वायूत प्राणवायूचे प्रमाण ९३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ९० ते ९६ टक्क्यांच्या दरम्यान आहे की नाही, याची नोंद मापकावर पाहून नियमितपणे ठेवावी लागते. संयंत्र वा वीज बंद पडल्यास सिलिंडरमधून पुरवठा आपोआप सुरू व्हावा, अशी जोडणी हवी. संयंत्र अधूनमधून चालविणारा प्रशिक्षित माणूस असावा लागतो. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत किंवा रुग्णालयाच्या भेटीत लोकप्रतिनिधींनी या नोंदवह्या पाहण्यास मागितल्या तर त्यात गैर काही नाही.

शाळेत हवेचा दाब शिकविताना या विषयाचा उपयोग करून घेता येईल. वर्गातील पारा-नळीच्या आकृतीपेक्षा ‘झेनिथ’ची कथा विद्यार्थ्यांच्या मनात अधिक काळ राहील.

एफ-२२ च्या वैमानिकांनी तक्रारी केल्यापासून खरे कारण सापडेपर्यंत चार वर्षे गेली. यंत्रे सुस्थितीत असल्याचे अहवाल या काळात मिळत होते आणि माणसे आजारी पडत होती. प्राणवायूच्या तुटीत ज्याला त्रास होतो त्याला तो नेमका सांगता येत नाही. म्हणून वैमानिक असो की खाटेवरचा रुग्ण, त्याने केलेली अस्पष्ट तक्रारही तपासणीयोग्य मानली पाहिजे. मापकावरचा आकडा ठीक दिसत असला तरी श्वास घेणाऱ्याची विचारपूस करणे हे ती यंत्रणा सांभाळणाऱ्याचे कर्तव्य होय.