आधी कागद, मग किक

जुन्या दुचाकींचा नाद असलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. "ॲव्हरेज किती देते?" आणि "विकणार का?" पहिल्याचं उत्तर द्यायची लाज वाटते आणि दुसऱ्याच्या वेळी नेमकी बायको शेजारी उभी असते. या नादात जे कळत गेलं, ते नव्यानं या वाटेला येणाऱ्यांसाठी लिहितो आहे. क्रमाला फार अर्थ नाही. पहिला मुद्दा मात्र पहिलाच.

१. टाकीवरच्या क्रोमला भुलू नका. खाली वाका, चेसिस नंबरवरचा ग्रीसचा थर पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला छाप आरसी बुकाशी ताडून बघा. आकडे एका ओळीत नसतील, आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या खुणा असतील, तर चहा पिऊन निघायचं. इंजिन बदललेलं असण्यात गैर काही नाही, पूर्वी क्रँक गेला की लोक सरळ दुसरं इंजिन टाकत. पण ते आरसीवर चढलंय का, हे बघा. मूळ मालक वारले असतील, तर फॉर्म ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर होते, मग तुमच्या. "मी देतो ना सही" म्हणणारा मुलगा भला असतो. फक्त नाशिकच्या बहिणीला त्यानं विचारलेलं नसतं.

२. पन्नास वर्षांचा हिशेब ठेवा. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकीही त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तो ठेवाच. १९८९ मध्ये 'एमएच' आलं, त्याआधीचा नंबर हा गाडीच्या वयाचा सर्वांत स्वस्त पुरावा आहे. मात्र विंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही.

३. त्या काळी नावाजलेली गाडी आज दुर्मीळ असेलच असं नाही, आणि पडलेली गाडी स्वस्त असेल असंही नाही. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सनं राजदूत ३५० आणली, म्हणजे यामाहाची आरडी ३५०. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, आणि पेट्रोलची भूक अशी की गिऱ्हाइकानं पाठ फिरवली. दशक सरता सरता ती बंद पडली. आज तिच्यासाठी लोक भांडतात. 'बॉबी' सिनेमामुळे (१९७३) त्याच नावानं ओळखली गेलेली छोट्या चाकांची राजदूत जीटीएस हीदेखील अशीच.

माझा जीव मात्र उलट्या बाजूला आहे. १९७२ पासूनची चेतक आणि साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सनं बनवलेली प्रिया यांच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. घरोघरी होत्या, म्हणूनच कुणी जपल्या नाहीत. पुढे पोरगं उभं, मागे बायको, पायाशी गॅसची टाकी, अशा त्या शेवटच्या श्वासापर्यंत राबल्या आणि भंगारात गेल्या. मूळ रंगातली, मूळ सीटची, पायाखालचा पत्रा न कुजलेली प्रिया शोधून बघा. बुलेट लवकर मिळेल.

४. मूळ रंग टिकला असेल तर हात लावू नका. टाकीवर हातानं ओढलेली सोनेरी रेघ पुसट झाली तरी ती कारखान्यातली आहे. चकाचक रंगकाम कुजलेला पत्रा झाकायलाही करतात. खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. खाली पुट्टी असेल तर तो चिकटत नाही.

५. गाडीच्या आधी मिस्त्री शोधा. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. तेव्हा त्या इंजिनांवर बसलेली माणसं आता साठीच्या पुढे आहेत. जावाच्या गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होतो, हे नव्या शोरूमच्या पोराला सांगावं लागतं. म्हाताऱ्या मिस्त्रीला पॉइंटचा गॅप आवाजावरून कळतो. "साहेब, गाडीला आजार नाही, आळस आहे. आठवड्यातून एकदा तरी फिरवा," असं मला एकानं सुनावलं होतं. अशा माणसाशी घासाघीस करू नये, आणि तो काम करत असताना फोन बघत बसू नये. शेजारी बसून पाने द्यावेत.

सुट्या भागांसाठी पुण्याचा जुना बाजार आहे, बुधवारी आणि रविवारी. न मिळालेली वस्तू करून घ्यायची तर कोल्हापूरचं उद्यमनगर. नमुना म्हणून जुना भाग न्यावा लागतो, तेव्हा मोडकं काहीही फेकू नका.

६. टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकी आतून गंजते आणि जुन्या नळ्यांचं रबर खराब होतं. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलविरुद्ध बोलायची सोय नाही, म्हणून मी गुपचूप पेट्रोल काढून ठेवतो.

७. कस्टम करायचीच असेल तर मुबलक मिळणारी गाडी घ्या, आणि कापण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीनं नोंदवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. साठच्या दशकातली बुलेट कापून तिचा चॉपर करणाऱ्याला माझा नमस्कार, लांबूनच. ती परत जुळत नाही आणि विंटेज नोंदणीलाही मुकते.

८. तुमच्या वाड्याच्या बोळात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये वडिलांची स्कूटर धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी कपाटातलं आरसी बुक शोधा. तुम्हाला ठेवायची नसेल तर नादिक माणसाला द्या, पण कागदांसकट आणि नावावर करून द्या. कागद हरवलेली गाडी आम्हालाही फक्त सुट्या भागांसाठीच घेता येते.